सिएना, १३४८: प्लेगवरचा स्ट्रॅटेजी गेम पायरी-पायरीने कसा बांधायचा

प्लेगवरचे बरेचसे गेम एकाच जागी फसतात. आजारी किती आहेत, हे खेळाडूला पडद्यावर दिसत असतं. आकडा दिसला की राज्यकारभार संपतो आणि हिशेब सुरू होतो. १३४८ मधल्या राज्यकर्त्याला असा आकडा कोणी देत नव्हतं. त्याच्याकडे यायची ती पुरलेल्या प्रेतांची मोजदाद, तीही उशिरा आणि अर्धवट. गेमचा सगळा ताण या उशिरातून निघतो. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत एकच गोष्ट सांभाळली आहे: रोग आतून चोख चालला पाहिजे आणि खेळाडूला तो धूसर दिसला पाहिजे.

ठिकाण आणि काळ आधी ठरवा

अख्खा युरोप घेऊ नका. पहिल्या गेमला एक नगर आणि त्याच्या आसपासची आठ-दहा ठिकाणं पुरतात. इथे उदाहरणाला सिएना घेतलं आहे, आणि त्यामागे कारणं आहेत. १२८७ पासून तिथे ‘नऊजणांचं’ सरकार होतं आणि त्या नऊजणांची मुदत फक्त दोन महिन्यांची असे. नगर तीन भागांत विभागलेलं होतं: चित्ता, सान मार्तिनो आणि कामोलिया. खजिन्याचा कारभार ‘बिकेर्ना’ नावाची कचेरी पाही आणि हिशेब दर सहा महिन्यांनी बंद होत. म्हणजे पाळी (खेळातला टर्न), भाग आणि अहवाल या तिन्ही गोष्टी इतिहासानेच हातात ठेवल्या आहेत.

नकाशावर पिसा, लुक्का, पिस्तोया, फ्लॉरेन्स, अरेत्सो, ओर्व्हिएतो आणि सिएनाने १३०३ मध्ये विकत घेतलेलं तालामोने बंदर ठेवा. सिएनाचे तीन भाग तीन वेगळे बिंदू धरा. एक भाग पेटलेला आणि दुसरा शांत ही स्थिती खेळाडूला सगळ्यात जास्त छळते, आणि नगर एकसंध धरलं तर ती मिळतच नाही.

रोग कुठून सोडायचा याची तारीखवार माहिती उपलब्ध आहे. ऑक्टोबर १३४७ मध्ये तो मेसिनात उतरला, जानेवारी १३४८ पर्यंत जेनोवा, व्हेनिस आणि पिसापर्यंत आला, मार्चमध्ये फ्लॉरेन्सात आणि वसंत ऋतूच्या उत्तरार्धात सिएनात. खेळ जानेवारी १३४८ पासून सुरू करा आणि पिसात १० आजारी टाका. बाकी मॉडेलवर सोडा. फ्लॉरेन्सात ठरलेल्या तारखेला जबरदस्तीने रोग टाकलात तर दुसऱ्यांदा खेळणारा तारीख पाठ करून येईल.

रोगाचं यंत्र: आधी स्प्रेडशीट, मग कोड

गोडोसारखं मोफत इंजिन उघडण्याआधी एक संध्याकाळ स्प्रेडशीटला द्या. एका ओळीत एक दिवस आणि पाच स्तंभ: धोक्यातले, सुप्त (रोग अंगात शिरला आहे, पण दिसत नाही), आजारी, बरे झालेले, मृत. चाचणीसाठी लोकसंख्या १०,००० धरा. हा आकडा हिशेबाच्या सोयीचा आहे, सिएनाचा नाही. रोजचे नियम असे:

नवे सुप्त = ०.३२ × धोक्यातले × आजारी ÷ एकूण
नवे आजारी = सुप्त × ०.२५
सुटलेले = आजारी × ०.२०, त्यातले ६० टक्के मृत, ४० टक्के बरे

म्हणजे रोग सरासरी चार दिवस लपून राहतो, मग पाच दिवसांत निकाल लागतो. ब्युबॉनिक प्लेग अंगात शिरल्यापासून साधारण आठवड्याच्या आत दिसतो आणि उपचार नसतील तर ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात. आपण वरची कड धरली आहे, कारण फुफ्फुसाचा प्लेग वेगळा न मोजता याच आकड्यात मिसळला आहे. उंदीर आणि पिसवाही वेगळ्या मोजलेल्या नाहीत. ०.३२ मध्ये सगळं आलं. एक आजारी माणूस पाच दिवसांत सरासरी १.६ जणांना रोग देतो, एवढाच त्याचा अर्थ.

१० आजाऱ्यांपासून सुरुवात करून हे चालवलं की साथीचं शिखर चौदाव्या आठवड्याच्या आसपास येतं, साथ सहा-सात महिन्यांत ओसरते आणि सुमारे ३,८०० माणसं मरतात. त्या साथीत तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली असं मानलं जातं. आपला आकडा त्या पट्ट्यात बसतो. तुमच्या तक्त्यात तो याहून फार वेगळा आला तर पुढे जाऊ नका, कारण चूक याच पायरीत आहे. नेहमीच्या चुका या:

पाळी आठवड्याची आहे म्हणून हिशेबही आठवड्याचा धरणं. एका पाळीत सगळे सुप्त आजारी आणि सगळे आजारी मृत असं केलंत तर आलेख करवतीच्या दातांसारखा होतो: एक आठवडा आजारी, एक आठवडा शून्य. खेळाडूची पाळी आठवड्याचीच ठेवा, पण तिच्या पोटात सात दिवसांचे सात हिशेब चालवा.

क्रम. तिन्ही प्रवाह आधी दिवसाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून काढून घ्या, मग एकदम लागू करा. एकेक करून लागू केलेत तर सकाळी लागण झालेला माणूस त्याच दिवशी आजारी पडू शकतो, सुटूही शकतो, आणि साथीचा वेग विनाकारण बिघडतो.

पूर्णांकांचा भागाकार. गोडोच्या भाषेत दोन पूर्णांक भागले की अपूर्णांक गळतो. चार आजाऱ्यांना पाचाने भागलं की उत्तर शून्य, आणि ते चार जण खेळ संपेपर्यंत आजारीच राहतात. ५ ऐवजी ५.० लिहा.

याच्या उलट, सगळं अपूर्णांकात ठेवलं तर रोग कधी मरतच नाही. ०.०००३ आजारी माणूस दोन वर्षं जिवंत राहतो आणि कधीतरी साथ पुन्हा उभी करतो. यावर उपाय असा: कुठल्याही बिंदूवर आजारी २० पेक्षा कमी असतील तर प्रत्येक माणसासाठी फासा टाका, २० च्या वर सरासरीने चालवा. फाशाचा एक फायदाही आहे. कधीकधी रोग दोन-तीन घरांतच विझतो, आणि आपल्या हुकमामुळेच तो विझला असं खेळाडूला वाटतं. वाटू द्या.

यादृच्छिक आकड्यांची (म्हणजे फाशाची) सध्याची अवस्था सेव्ह फाइलमध्ये साठवायला विसरू नका. नाहीतर वाईट पाळी आली की जुना सेव्ह उघडून फासा बदलण्याची सवय खेळाडूला लागते.

ऋतूचा गुणक (०.३२ ला गुणायचा आकडा) शेवटी जोडा. टस्कनीसाठी उन्हाळ्यात १.१५ आणि हिवाळ्यात ०.६ हे सुरुवातीला चालून जातं.

रस्ते

दोन ठिकाणांमधल्या प्रत्येक रस्त्याला रोजच्या प्रवाशांचा एक आकडा द्या. शेजारच्या नगरात १०,००० पैकी ६२ सुप्त आहेत आणि तिथून रोज ४० माणसं येतात असं धरा. ४० × ६२ ÷ १०,००० म्हणजे रोज साधारण पाव माणूस, अर्थात चार दिवसांत एक संसर्ग आत. वेशी बंद करून वाहतूक ७० टक्क्यांनी घटवली तर तोच एक तेरा-चौदा दिवसांनी येतो. प्रवासात मोजायचे ते सुप्त. तापाने फणफणलेला माणूस खोगिरावर बसत नाही.

हा छोटा हिशेब पुढच्या सगळ्या निर्णयांचं मूळ आहे. वेशी बंद केल्याने रोग थांबत नाही, लांबतो. आणि लांबणं चांगलं की वाईट, हे पंचांग बघून ठरतं. एप्रिलअखेर रोग आत आला तर शिखर जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीस येतं. गव्हाची कापणी त्याच्या जरा आधी, म्हणजे रुग्ण झपाट्याने वाढत असताना. शिखर सहा आठवडे पुढे ढकललंत तर कापणी वाचते, पण द्राक्षं आणि पेरणी अडचणीत येतात. म्हणून शेतीची कामं कॅलेंडरवर ठळक दाखवा. रोगाची माहिती लपवायची, ऋतूची नाही.

राज्यकर्त्याला काय दिसतं

आता गेमचा गाभा. रोगाचे पाचही स्तंभ खेळाडूपासून पूर्ण लपवा. त्याला मिळते ती फक्त पत्रं: कुठून, कोणत्या तारखेचं, किती पुरले.

एक पाळी जवळून बघू. मॉडेलमध्ये सहावा आठवडा संपला आहे. खेळाडूच्या टेबलावर पाचव्या आठवड्याचं पत्र आहे. त्यात प्लेगचे २८ मृत आणि नेहमीचे सात. वर्षाला दर हजारी ३५ मृत्यू धरले तर १०,००० वस्तीत एरवीही आठवड्याला सात जण जातातच, आणि पत्र लिहिणारा दोन्ही वेगळे करत नाही. कागदावर ३५. त्या क्षणी गावात आजारी आणि सुप्त मिळून १२० च्या आसपास आहेत, आणि त्यातले साठ टक्के मरणार हे ठरलेलं आहे, हुकूम कोणताही निघो. पहिल्या आठवड्यात तर प्लेगचे मृत सहा-सातच असतात. नेहमीच्या सातांमध्ये ते बेमालूम मिसळतात. नेहमीच्या मृत्यूंत दोन-तीनचा चढ-उतार ठेवलात की संशय कधी घ्यायचा हा खेळाडूचा पहिला खरा निर्णय ठरतो.

उशीर अंतरावरून काढा: ३५ किलोमीटरला एक दिवस, नंतर पूर्ण आठवड्यात वर गोल करायचा. फ्लॉरेन्स साधारण ७० किलोमीटरवर, म्हणजे एक पाळी. पिसाच्या वाटेवरचं एखादं गाव आधीच बंद असेल तर दोन.

मग खोटेपणा. प्रत्येक बिंदूवर एक पाद्री ठेवा, कारण मोजदाद तोच करतो. तो मरणाऱ्यांच्या खाटेजवळ जातो, त्यामुळे त्याचा धोका इतरांच्या दुप्पट धरा. पाद्री गेला की त्या भागातून पत्र येणं थांबतं. इथे मोह होतो तो पडद्यावर शून्य दाखवण्याचा. तसं करू नका. खेळाडू त्याला बग समजेल आणि तो चूक नसेल. जुनं पत्र जुन्या तारखेसह तसंच पडू द्या, कागद थोडा पिवळट होत जाऊ द्या. सान मार्तिनोचं शेवटचं पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं आहे, एवढं दिसलं की पुरे. साथ ओसरली की लिहिणारा मेला, हे खेळाडूने ओळखायचं.

हुकूम

हुकूम सहा-सात ठेवा, पंचवीस नको. प्रत्येकाला तीन आकडे: आत्ताची किंमत, रोगावरचा परिणाम, लोकांवरचा परिणाम.

खरे नमुने हवे असतील तर पिस्तोयाने २ मे १३४८ रोजी काढलेले नियम बघा. पिसा आणि लुक्काला जायला-यायला बंदी, वापरलेलं कापड आत आणायला बंदी, प्रेत खिळे ठोकलेल्या लाकडी पेटीत, खड्डा अडीच हात खोल, अंत्यविधीला घंटा वाजवायची नाही. त्याच महिन्यात प्रवासबंदी सैल करण्यात आली. हुकूम मागे घेण्याचं बटण म्हणूनच हवं आणि त्याचीही किंमत हवी, कारण मागे घेतलेल्या हुकमानंतर पुढचा हुकूम लोक कमी पाळतात.

परिणामांची सुरुवात अशी करा: बाजार अर्धा बंद, संसर्ग १५ टक्के कमी, कापडबंदी ८, दफनाचे नियम ५. घंटाबंदीने संसर्गात काही फरक नाही, पण घबराट घटते. धार्मिक मिरवणुकीने घबराट झपाट्याने उतरते आणि दोन आठवडे संसर्ग १० टक्क्यांनी वाढतो. वेशी बंद केल्या की जकात बुडते, आणि सिएनाच्या खजिन्याचा मोठा आधार जकातच होता. उरतं सक्तीचं कर्ज. ते देणारी घराणी नंतर ते विसरत नाहीत.

या सगळ्यावर एक आकडा बसवा: आज्ञापालन, ० ते १. हुकमाचा परिणाम त्याने गुणायचा. फरक किती पडतो ते पाहा. बाजार, कापड आणि दफन हे तिन्ही हुकूम पहिल्या दिवसापासून लागू आणि आज्ञापालन पूर्ण १ असेल तर १.६ चा आकडा १.१९ वर येतो आणि मृत्यू १८ टक्क्यांच्या आसपास राहतात. तेच आज्ञापालन ०.६ असेल तर आकडा १.३४ आणि मृत्यू २८ टक्के. हुकूम तेच, कागद तोच. हजार माणसं जगली की मेली ते लोकांनी ऐकलं की नाही यावर ठरलं, आणि लोक ऐकतात की नाही हे पगार, धान्य आणि आधीच्या खोट्या आश्वासनांवर. इथे गेम रोगाचा राहत नाही, राज्याचा होतो.

धान्याचं एकक साधं ठेवा: एक माणूस, एक आठवडा. कोठारात सहा आठवड्यांचा साठा आणि साथ अठ्ठावीस आठवड्यांची, ही विषमता मुद्दाम ठेवा. साठा संपण्याआधी खेळाडूने स्वतःच वेस उघडावी लागली पाहिजे.

काही गोष्टी या काळात नव्हत्याच, त्या घालू नका. चोचीचा मुखवटा घातलेला वैद्य सतराव्या शतकातला आहे. बाहेरून येणाऱ्यांना ठराविक दिवस वेगळं ठेवण्याचा पहिला कायदा रागुसाने (आजचं डुब्रोव्हनिक) १३७७ मध्ये केला, तीस दिवसांचा. व्हेनिसने प्लेगच्या रुग्णांसाठी बेटावर कायमचं रुग्णालय काढलं ते १४२३ मध्ये. १३४८ च्या वैद्याने खेळाडूला ग्रहयोग सांगावा. पॅरिसच्या वैद्यकीय विद्वानांनी त्याच वर्षी राजाला दिलेल्या अहवालात १३४५ मधल्या शनी, गुरू आणि मंगळाच्या कुंभ राशीतल्या युतीला दोष दिला होता. हा सल्ला वैद्याच्या तोंडी पूर्ण गंभीरपणे द्या, थट्टा करू नका. त्या काळातलं ते उत्तम शास्त्र होतं.

एका ठिकाणी मात्र जपून. आल्प्सपलीकडे ज्यू वस्त्यांवर विहिरी विषारी केल्याचा आरोप ठेवून कत्तली झाल्या. स्ट्रासबुर्गात १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शेकडो लोक जाळले गेले आणि त्यांच्याकडून घेतलेली कर्जं बुडवली गेली. पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्येच आज्ञापत्रं काढून हा आरोप फेटाळला होता. नकाशा तिकडे वाढवलात तर याचं बटण करू नका, आणि त्यातून पैसा किंवा शांतता मिळाली असं तर मुळीच दाखवू नका. तो जमावाकडून येणारा दबाव असू द्या. रक्षणाला शिपाई आणि पैसा लागतो, खेळाडूने तो द्यायचा की नाही हे ठरवायचं. दिला नाही तर रोग तसाच चालू, आणि नगर कायमचं उणं.

सत्तेवरची माणसंही मरतात

खेळाडूला अमर राजा देऊ नका. कॅस्टिलचा अकरावा अल्फोन्सो जिब्राल्टरला वेढा घालून बसला असताना मार्च १३५० मध्ये प्लेगने गेला. सिएनात दर दोन महिन्यांनी नऊ माणसं बदलतात, म्हणजे दर आठ-नऊ पाळ्यांना नवं मंडळ. प्रत्येक सदस्याला एक आग्रह द्या: बाजार उघडा ठेवा, मिरवणूक काढा, अर्धवट उभ्या असलेल्या कॅथेड्रलचं काम थांबवू नका. १३३९ मध्ये सुरू झालेलं ते विस्ताराचं काम प्लेगनंतर बंद पडलं आणि त्याची एकटी भिंत आजही उभी आहे. खेळात ते पैसा गिळत राहतं आणि थांबवलं की प्रतिष्ठा जाते. पाच सदस्य हजर नसतील तर हुकूमच निघत नाही, असा नियम ठेवा. मधल्या पाळ्यांत खेळाडूचं खरं काम बैठक भरवणं हेच होऊन बसतं.

साथ संपल्यावर

कित्येक गेम इथे विजयाचा पडदा लावतात. खरी अडचण इथून पुढे. पाळी आता आठवड्याऐवजी तिमाहीची करा आणि खेळ १३६३ पर्यंत न्या. माणसं कमी, जमीन तेवढीच, मजुरी वर. इंग्लंडने १३४९ च्या फर्मानाने आणि १३५१ च्या कायद्याने मजुरी साथीआधीच्या दरावर गोठवायचा प्रयत्न केला. खेळाडूलाही तो पर्याय द्या: मजुरी गोठवली तर जमीनदार खूश आणि मजूर शेजारच्या नगरात, करमाफी देऊन माणसं बोलावली तर शेतं पिकतात पण बिकेर्नाचा सहामाही हिशेब बुडतो. सिएनात नऊजणांचं सरकार १३५५ मध्ये सम्राट चौथा चार्ल्स नगरात आला तेव्हा उठावात कोसळलं. तुमच्या खेळात ते टिकू शकतं, पण सोपं नको.

टस्कनीत दुसरी लाट १३६३ मध्ये आली. यासाठी वेगळा रोग लिहावा लागत नाही, जन्म आणि मृत्यू चालू ठेवले की पुरे. दर हजारी वर्षाला ४० जन्म, ३५ मृत्यू आणि बरे झालेल्यांना कायमची प्रतिकारशक्ती एवढं धरलं की पंधरा वर्षांत बरे झालेल्यांचा वाटा ४२ टक्क्यांवरून २३ च्या आसपास येतो, आणि तोच ०.३२ चा रोग पुन्हा पेटतो. या वेळी १७ टक्क्यांच्या आसपास माणसं जातात. जन्म वयाप्रमाणे नोंदवलेत तर दिसेल की बळींत लहान मुलांचा वाटा मोठा आहे, आणि दुसऱ्या लाटेबद्दल इतिवृत्तकारांनीही हेच लिहून ठेवलं आहे. फक्त ‘एकूण’ हा आकडा लाटेच्या सुरुवातीला जिवंत माणसांवर नव्याने बसवा. तो १०,००० वरच राहिला तर दुसरी लाट पेटणारच नाही आणि कोडमध्ये काय चुकलं ते शोधत बसाल.

तपासणी

चित्र न दाखवता एक हजार खेळ संगणकालाच खेळू द्या आणि निकाल सीएसव्हीत (स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) काढा. तीन खेळाडू पुरेत: काहीच न करणारा, यादृच्छिक हुकूम देणारा, आणि पत्रात आकडा २५ ओलांडला की सगळे हुकूम एकदम लावणारा. पहिल्याकडे मृत्यू ३५ ते ४५ टक्के हवेत. चांगल्या माणूस-खेळाडूला २० ते २८ पर्यंत जाता यावं. १५ च्या खाली कोणी गेलं तर धान्य किंवा आज्ञापालन कुठेतरी फुकट मिळतं आहे. सर्वोत्तम शंभर खेळांपैकी ऐंशींमध्ये एकच हुकूम सारखा दिसत असेल तर त्याची किंमत वाढवा, परिणाम कमी करू नका. परिणाम कमी केला की खेळाडू तो हुकूम सोडून देतो. किंमत वाढवली की त्यावर विचार करतो.

माणसांकडून तपासून घेताना ‘मजा आली का’ विचारू नका. दहाव्या पाळीला खेळ थांबवा आणि सध्या नगरात किती आजारी असतील याचा अंदाज कागदावर लिहून मागा. अंदाज खऱ्याच्या आसपास येत असेल तर पत्रं जास्त बोलत आहेत, उशीर एका पाळीने वाढवा. दहापट चुकत असेल तर मृतांच्या आकड्याशेजारी गेल्या चार पत्रांचे आकडे दाखवा आणि पुन्हा दुसऱ्या कोणाला तरी बसवा.